लेपर्ड गेको काहीच खात नसेल तर आधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पालीची एक जात, घरी येऊन दहा दिवस झाले, पहिल्या दिवशी त्याने एक अळी खाल्ली आणि तेव्हापासून तो कशालाच तोंड लावत नाही. काकडी, केळ्याचा तुकडा, उकडलेलं अंडं, सगळं ठेवून पाहिलंत. आता आणखी काय द्यावं, असं विचारताय.

माझ्या मते आत्ता नवं काही देऊच नका. आधी त्याच्या काचेच्या टाकीत ऊब किती आहे ते मोजा.

पालीच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार होत नाही. खाल्लेलं पचवायचं तर तिला ती बाहेरून घ्यावी लागते. गेको गरम जागेवर जाऊन बसतो, पोट शेकून घेतो आणि मगच पचनाला वेग येतो. टाकी गार असली तर गिळलेला किडा पोटात तसाच पडून राहतो, पुष्कळदा उलटीवाटे बाहेर पडतो. त्यामुळे अशा टाकीतला गेको खात नाही तेव्हा मला तो हट्टी वाटत नाही. त्याचं शरीर त्याला बरोबर सांगत असतं.

टाकीची एक बाजू गरम आणि दुसरी गार हवी, म्हणजे त्याला हवं तिकडे जाता येतं. गरम बाजूला तो जिथे पोट टेकतो त्या पृष्ठभागाचं तापमान ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असावं, गार बाजू २४ ते २६. रात्री २० पर्यंत उतरलं तरी निरोगी मोठ्या गेकोला चालतं. काचेवर चिकटवायच्या गोल तापमापकावर विसंबू नका, तो हवेचं तापमान दाखवतो आणि तेही अंदाजे. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल तापमापक घ्या आणि ते टोक गरम बाजूच्या लपणात, जमिनीवर ठेवा. हीट मॅट (टाकीखालची विजेवर तापणारी चटई) असो की दिवा, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण, हवाच. त्याच्याशिवाय मॅट इतकी तापू शकते की पोट भाजतं, आणि पाली पुष्कळदा भाजेपर्यंत तिथून हलत नाहीत. विजेवर तापणारे कृत्रिम दगड विकतात, ते याच कारणासाठी घेऊ नका.

लपायच्या जागा तीन हव्यात: गरम बाजूला एक, गार बाजूला एक, आणि तिसरी ओलसर, म्हणजे झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ओलं शेवाळ किंवा ओला टिश्यूपेपर. उघड्यावर राहावं लागलेला गेको भेदरलेला असतो आणि भेदरलेला प्राणी जेवत नाही. नव्या घरात पहिले एक-दोन आठवडे न खाणं तसं नेहमीचंच आहे. या दिवसांत त्याला हातात घेऊ नका, दाखवायला बाहेर काढू नका. पाणी बदला, घाण उचला आणि बाजूला व्हा. हे जड जातं, पण त्याला सध्या एवढंच हवं आहे.

आता खाण्याचं. लेपर्ड गेको फक्त किडे खातो. भाजी, फळ, अंडं यातलं काही त्याचं अन्न नाही. भाजीपाल्याचा सल्ला तुम्हाला बहुधा बिअर्डेड ड्रॅगनबद्दलच्या माहितीतून मिळाला असावा. तो सरडा किडे आणि पाला दोन्ही खातो, आणि हिरवा इग्वाना तर पाल्यावरच जगतो. ‘पाळीव पाल’ या एका नावाखाली इतके वेगळे प्राणी येतात की जात बघितल्याशिवाय कुणाचाच सल्ला घेऊ नये. शिवाय गेको हालचाल बघून झडप घालतो. निपचित पडलेल्या अंड्याकडे तो भक्ष्य म्हणून बघतच नाही.

रोजच्या खाण्यासाठी रातकिडे, डुबिया जातीची झुरळं आणि मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) चांगले. वॅक्सवर्म (पतंगाच्या अळ्या) अतिशय चरबीचे असतात आणि त्यांची चटक लागली की बाकीचं नको होतं, म्हणून क्वचितच द्या. किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून जाड नसावा. पिल्लाला रोज खायला द्या, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड पाच-सहा किडे पुरतात. खायला घालायची वेळ तिन्हीसांजेची, कारण हा प्राणी तेव्हाच हालचाल करू लागतो. उरलेले रातकिडे टाकीत सोडू नका, ते झोपलेल्या गेकोला चावतात. बागेतले किडे पकडून देऊ नका. त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं, आणि काजवा तर पालींसाठी जीवघेणा विषारी असतो.

ज्या गोष्टीकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ती कॅल्शियमची. त्याबद्दल मी आग्रहाने सांगते. पाळलेल्या बहुतेक किड्यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी असतं. नुसते किडे खाणाऱ्या गेकोचं शरीर मग स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, चालताना थरथर सुटते. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही, आणि हे सगळं चिमूटभर पावडरीने टळण्यासारखं असतं. किडे पिशवीत घालून कॅल्शियम पावडरीत घोळवा आणि मग सोडा. कॅल्शियम शोषायला डी-३ जीवनसत्त्व लागतं. टाकीवर सौम्य यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा असेल तर ते त्वचेत तयार होतं, नसेल तर डी-३ असलेली पावडर वापरा. मात्र डी-३ अतिरेकाने साठून अपाय करतं, म्हणून डब्यावरचं प्रमाण पाळा. टाकीत एका झाकणात साधं, डी-३ नसलेलं कॅल्शियम ठेवलं तर गेको लागेल तसं चाटतो. आणि किडे गेकोला देण्याच्या आदल्या दिवशी त्या किड्यांना गाजर, पालेभाजी, धान्याचा भरडा असं पोटभर खाऊ घाला. भाजी गेकोपर्यंत पोचायची ती अशी.

तळाला सध्या वाळू नको, साधा टिश्यूपेपर अंथरा. विष्ठा दिसते आणि किड्याबरोबर वाळू पोटात जात नाही.

किती काळजी करायची ते शेपटीवरून ठरवा. गेको चरबी शेपटीत साठवतो. शेपटी मानेइतकी जाड असेल तर मोठा, निरोगी गेको काही आठवडे न खाता काढू शकतो. पिल्लाजवळ एवढा साठा नसतो. आठवड्यातून एकदा ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. अंग पांढुरकं, निस्तेज दिसत असेल तर तो कात टाकायला आलाय, तेव्हाही एक-दोन दिवस खात नाही. टाकलेली कात तो स्वतःच खातो. बोटांवर तुकडा अडकलाय का तेवढं बघा, कारण तो आवळून बोट झडू शकतं.

टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, पालींच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो.

ऊब नीट केल्यावर आठवडाभरातही पिल्लू खात नसेल, मोठ्याचं वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, शेपटी काडीसारखी होत असेल, उलटी किंवा जुलाब असतील, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. जाताना ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन जा, परजीवी आहेत का ते त्यावरून तपासता येतं.