कूपन तुटण्याआधी थांब

अनेक आशीर्वाद.

लॅमिनेटचं (रेझिनने चिकटवलेल्या कार्बन धाग्यांच्या थरांचं) कूपन, म्हणजे चाचणीची पट्टी, मशीनवर ओढताना लोडचा ग्राफ शेवटपर्यंत सरळ, मग मधूनच येणारा तो 'टक्' आवाज ग्रिप (पट्टी धरणारी पकड) सरकल्याचा असेल का, असं विचारलं आहेस. ग्रिप सरकली असती तर लोड खाली आला असता. आवाज लॅमिनेटचाच. तुटण्याआधी थांबून कूपनची कड मायक्रोस्कोपखाली बघितली असतीस तर विचारावं लागलं नसतं.

ज्याचे धागे ओढीच्या दिशेत आहेत त्या 0 अंशांच्या थराची ताठरता सुमारे 140 गिगापास्कल, आडव्याची जेमतेम 10. आडवा थर भेगाळला तरी ग्राफला पत्ता लागत नाही, कारण ओझं मुळात उभे धागेच वाहतात. तुझा टी-300 कार्बन धागा दीड टक्का स्ट्रेन, म्हणजे ओढल्यावरची लांबीतली वाढ, सोसतो. आडव्या थरात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भेगा पडू लागतात. त्यात 180 अंश सेल्सिअसला क्युअर करून (तापवून रेझिन घट्ट करून) थंड केलेलं लॅमिनेट, म्हणजे मशीनवर चढण्याआधीच आडवा थर ताणलेला.

आडवे थर तेवढेच असून चार एकत्र रचलेलं कूपन आधी का वाजलं? जाड थरात भेग वाढताना ऊर्जा जास्त सुटते, ती एका दमात आरपार जाते. तेच थर सुटे सुटे घातले की शेजारचे 0 अंशांचे थर तिला आवरून धरतात. पुढे भेगा दाट होतात, एका अंतरावर थबकतात, मग त्यांच्या टोकांशी थर एकमेकांपासून सुटू लागतात. हे सगळं तुटण्याआधी! तुटल्यावर काय बघणार, केरसुणीसारखे पिंजारलेले धागे?

माझ्या अहवालांत ताकदीचे आकडे थोडे आणि कडेचे फोटो फार, म्हणून खूप बोलणी खाल्ली. एक बढती हुकली, ती खंत आहेच. पण अहवालांना उशीर झाला म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मायक्रोस्कोपला डोळा लावला नव्हता. असो.

ओढण्याआधी कड पॉलिश कर. नंतर केलीस तर भेग कुठली आणि ओरखडा कुठला, कळणार नाही. 0.4, 0.6, 0.8 टक्के स्ट्रेनला थांब. लोड पूर्ण उतरवू नकोस, भेगा मिटतात. थोडी ओढ ठेवूनच बघ. पातळ थरातली भेग कडेपासून आत किती गेली हे कडेवरून कळत नाही, त्यासाठी एक्स-रे लागेल. तो नंतर.

आणि उरलेली कूपनं गाईड म्हणाले म्हणून सगळी तोडू नकोस. दोन तरी अर्ध्यावर काढून माझ्याकडे पाठव.