एकाच अणुकेंद्राचे गोल आणि लांबट असे दोन आकार म्हणजे ते सतत हेलकावत असतं का?

नाही. अगदी हाच प्रश्न मला पीएचडीच्या व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारला होता, आणि उत्तर ऐकायच्या आधीच ठरवूनही टाकलं होतं: "म्हणजे सरासरी आकार जरा लांबट, एवढंच ना?"

पडद्यावर झिर्कोनियम-९८ होतं. ४० प्रोटॉन, ५८ न्यूट्रॉन, तळाची म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची पातळी गोल, तिची खूण ०+ (आकडा केंद्राच्या फिरकीचा, + हे समतेचं चिन्ह). पहिली उत्तेजित पातळीही ०+, ८५४ केइव्हीवर (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक; पुढचे आकडेही त्यातच). पहिली २+ तिच्याही वर, १२२३ ला. गोल केंद्र नुसतं हेलकावत असतं तर ही दुसरी ०+ पातळी २+ च्या साधारण दुप्पट उंचीवर हवी होती. ती खाली आहे! म्हणजे तो हेलकावा नाही, वेगळाच लांबट आकार आहे. शिवाय ०+ वरून ०+ ला येताना एकटा गॅमा सुटूच शकत नाही, ऊर्जा अणूतला इलेक्ट्रॉन घेऊन जातो. नुसते गॅमा डिटेक्टर लावून बसलं तर ही उडी दिसतच नाही. आणखी दोन न्यूट्रॉन घातले की झिर्कोनियम-१०० ची २+ थेट २१२ ला उतरते, लांबट आकार तळाशी येतो. हे सगळं मी सांगितलं. परीक्षक नकारार्थी मान हलवत राहिले, गाइड गप्प. डिग्री मिळाली, पण प्रबंधातलं 'आकारांचं सहअस्तित्व' (एकाच केंद्रात दोन वेगळे आकार, जवळजवळच्या ऊर्जांवर) खोडून 'आकारातला बदल' लिहावं लागलं. ते अजून सलतं.

कारण थोडक्यात: केंद्रातले प्रोटॉन-न्यूट्रॉन ऊर्जेच्या कवचांमध्ये बसतात; त्या कवचांमधली फट ओलांडून त्यांची जोडी वर चढवायला ऊर्जा लागते, पण मग प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या ओढीने केंद्र लांबट होतं आणि बरीचशी ऊर्जा परत मिळते. न्यूट्रॉन फार झाले की काही ठिकाणी फटच आकसते आणि दोन्ही हिशोब जवळ येतात. मॅग्नेशियम-३२ मध्ये २० न्यूट्रॉनची जादुई संख्या (कवच पूर्ण भरतं, एरवी केंद्र गोल राहतं) असूनही लांबट आकार जिंकतो. त्याची गोल ०+ पातळी १०५८ ला आहे. सर्नच्या आयसोल्डे या प्रयोगकेंद्रात मॅग्नेशियम-३० वर ट्रिटियममधले दोन न्यूट्रॉन चढवून ती सापडली, २०१० साली जाहीर झाली.

हो, या पातळ्या एकमेकींत मिसळतात, सल्फर-४४ मध्ये थोड्या, इतरत्र बऱ्याच. शुद्ध गोल असं काही म्हणू नये. पण दोन मिसळल्या तरी दोनच उरतात, मधली एक होत नाही.

तुमच्या प्रकल्पात 'सहअस्तित्व' हाच शब्द ठेवा. कुणी सरासरी म्हणालं तर ८५४ आणि १२२३ शेजारी-शेजारी लिहून दाखवा.