बालवाडीत वाढदिवसाचा खाऊ: एकाला शेंगदाणा चालत नाही, एकीला दूध. नाशिकमध्ये सगळ्यांना चालेल असं काय वाटावं?

आधी बाईंना आणि त्या दोघांच्या आयांना नेमकं विचारा. 'थोडंसं चालतं' यावर जाऊ नका.

चिवडा, चिक्की बाद, दोन्हींत शेंगदाणे. 'नुसता' राजगिऱ्याचा लाडूही सुटा घेऊ नका, तो चिक्कीच्याच कारखान्यात वळलेला असू शकतो. एगलेस केकवर मात्र लोक उगाच निर्धास्त होतात. त्यात अंडं नसतं, पण दूध, लोणी किंवा कंडेन्स्ड मिल्क बहुतेकदा असतं. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंही तसंच, दुधाचा पदार्थही शाकाहारीच. म्हणून मागचं बारीक अक्षर वाचा. दूध, शेंगदाणे, सुकामेवा, गहू, सोया यांचा उल्लेख अन्नसुरक्षा नियमांनुसार तिथे लागतो. सुट्या बेकरी मालावर तो मिळणार नाही, त्यामुळे सीलबंदच घ्या.

मी तर जानेवारी ते मार्चमध्ये वाढदिवस असेल तर सरळ द्राक्षं देईन, नाशिकला आणखी काय हवं? फक्त नीट धुवा आणि प्रत्येक द्राक्ष उभं चार फोडींत चिरा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अख्खं अडकू शकतं. एरवी केळी. नाहीतर खाऊ सोडून रंगखडू वाटा, पोरं तितकीच खूश होतात.