फेल्ट बोर्डवरच्या गाड्या: सुरुवातीला एवढंच करा

ताई, फेल्ट बोर्ड म्हणजे फेल्टचं (लोकरीसारखं जाड कापड) आवरण असलेला फळा, त्यावर फेल्टचे तुकडे आपोआप चिकटून राहतात. त्यासाठी एकदम वीस गाड्या कापायला बसू नका. लोकल, रिक्षा आणि बस, तीन पुरेत. ठाण्यातलं मूल या रोज बघतं, म्हणून त्यांच्याबद्दल बोलतंही भरभरून. विमान, क्रेन नंतर.

नवीन माणूस हमखास फसतो तो कडक फेल्ट घेऊन. तो बोर्डवरून घसरतो. मऊ, केसाळ फेल्ट घ्या, मागून फेविकॉल थापू नका आणि बोर्ड जरासा मागे कलता ठेवा.

तुकडे तळहाताएवढे हवेत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी चाकांना बटणं, मणी अजिबात नकोत. थेट तोंडात जातात.

खेळ अगदी साधे:
- रिक्षाचं एक चाक लपवा आणि विचारा, "आता चालेल का?" (यावर मुलं जाम हसतात.)
- लोकलला मोजत डबे जोडा. ठाण्याहून सुटली की दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली... स्टेशनं मुलालाच पुकारू द्या.

बस रुळांवरून धावली तर दुरुस्त करू नका, कुठे निघाली ते विचारा. आणि दहा मिनिटांत मूल उठलं, तर खुशाल उठू द्या.