मावशीला विचारा : एकादशीचं ताट आलं कुठनं?

प्रश्न : मावशी, आमच्याकडे दर एकादशीला वाद ठरलेला. लेक (वय १४) पास्ता मागते, सासूबाई म्हणतात आज असलं परदेशी काही नाही, आपली साबुदाण्याची खिचडी खायची. परवा लेक शाळेतनं आली नि म्हणते, आजी साबुदाणाच परदेशी आहे! सासूबाई तेव्हापासनं गप्प आहेत आणि त्यांचं गप्प बसणं काय असतं ते मलाच माहिती. खरं काय ते सांगा ना. – एक सूनबाई, कोथरूड

मावशी : अगं पोरगी खरं बोलतीये, आता सासूबाईंना ते कसं पटवायचं ते तुझं तू बघ, मी मधे पडणार नाही.

खिचडीची कढई घे समोर. साबुदाणा होतो कसाव्याच्या कंदापासनं, केरळवाले ज्याला कप्पा म्हणतात ना तोच, आणि ते झाड मूळचं ब्राझीलकडचं. शेंगदाणे बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या बाजूचे. बटाटा पेरूचा (फळ नाही, देश), आणि बटाटा हा शब्दसुद्धा आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. मिरची मेक्सिकोची. जिरं तेवढं तिकडचं नाही, पण तेही भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडनं आलेलं. म्हणजे अस्सल इथलं काय उरलं, तर तूप! कोलंबस १४९२ला अमेरिकेत पोचला, वास्को द गामा १४९८ला कालिकतला, १५१०ला गोवा पोर्तुगीजांच्या हातात गेलं, आणि मग जहाजं भरभरून एकेक वस्तू इकडे यायला लागली.

साबुदाण्याची तर आणखी गंमत. खरा सागो म्हणजे मलाया-इंडोनेशियाकडच्या एका ताडासारख्या झाडाच्या खोडातला गर, ते लोक त्याला सागू म्हणतात, आपला साबू त्यातलाच. इकडे कप्पा लोकांच्या ताटात आणला तो त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी, १८८० ते ८५ या त्यांच्या राज्यात, का तर भात पुरेना. पुढं दुसऱ्या महायुद्धात मलायाचा माल बंद झाला आणि तामिळनाडूत सेलमला कसाव्यापासनं साबुदाणा करायचा धंदा जोरात आला. आज तू मंडईतनं किलोभर आणतेस तो बहुतेक सेलमकडचाच. २०२३ला सेलमच्या साबुदाण्याला जीआय टॅगही (म्हणजे ही त्या भागाचीच खास वस्तू असा सरकारी शिक्का) मिळाला.

मग हे सगळं उपासाला चाललं कसं? मला विचारशील तर नियम जुना नि वस्तू नवी. उपासाला धान्य खायचं नाही, आणि धान्य म्हणजे काय याची यादी तेव्हाच ठरलेली, गहू, तांदूळ, ज्वारी, डाळी वगैरे. बटाटा, रताळं, शेंगदाणा त्या यादीत नव्हतेच कारण तेव्हा ते कुणी बघितलेच नव्हते, त्यामुळे नंतर आले ते मागच्या दारानं थेट देवघरापर्यंत. एकादशी दुप्पट खाशी हे त्यानंतरच सोपं झालं असणार, नुसत्या भगरीवर दुप्पट कोण खाणार! (भगर मात्र खरंच इकडची, सासूबाईंना हे आधी सांग.)

आणि राजगिऱ्याचा लाडू? राजगिराही तिकडचाच. मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याचं पीठ मधात मळून देवांच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाली की मोडून सगळ्यांना वाटायचे, प्रसादच की गं तो. स्पॅनिश लोकांना हे बघवलं नाही, त्यांनी ते बंद पाडायचा चंग बांधला. आज मेक्सिकोच्या रस्त्यावर राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी मिळते, मधात नाहीतर तिकडच्या गुळात केलेली, नाव आलेग्रिया, म्हणजे आनंद. तुळशीबागेत ठेवली तर कुणाला शंकाही येणार नाही.

पास्त्याचं म्हणशील तर तो लाल सॉसही इटलीचा नाहीच, टोमॅटोसुद्धा अमेरिकेचा. तेव्हा दोघी एकाच बोटीत आहेत.

प्रश्न : मुलगा कोरियन सिरियल्स बघून बघून घरी किमची करायला लागलाय, घरभर वास. एवढी लाल मिरची पूर्वापार घालतात का ते लोक? – सहकारनगर

मावशी : नाही हो. मिरची त्यांच्याकडे पोचली सोळाव्या शतकाच्या शेवटाला, त्याआधी किमची मिठात मुरवलेली असायची, लाल नाही. वासाचा इलाज माझ्याकडे नाही, बरणी बाल्कनीत ठेवायला सांगा.

प्रश्न : मिरची नव्हती तर आपले पूर्वज तिखट कशानं करत होते? आणि हिंग तरी आपलाच ना? – एक काका, सदाशिव पेठ

मावशी : काका, मिरी, पिंपळी, आलं. नावातच बघा की, मिरीसारखी तिखट म्हणून मिरची, कानडीतही मेणसु म्हणजे मिरी आणि मेणसिनकाई म्हणजे मिरची. कल्याणीच्या चालुक्य राजाचा, सोमेश्वराचा मानसोल्लास ग्रंथ ११२९च्या सुमाराचा, त्यात वड्यापासनं मांसापर्यंत किती पदार्थ आहेत, पण मिरचीचा पत्ता नाही.

हिंगाचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. हिंग अफगाणिस्तान-इराणकडनंच येतो, आपण जगात सगळ्यात जास्त खातो आणि पिकवत नव्हतो! ऑक्टोबर २०२०मध्ये पालमपूरच्या सरकारी संस्थेनं हिमाचलात लाहौलला पहिल्यांदा रोपं लावली, आणि त्या झाडाला तयार व्हायला पाचेक वर्षं लागतात. बाकी डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, डिंक आणि गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ घालून बांधलेला असतो. तेव्हा उपासाच्या बटाट्याच्या भाजीत कुणी चिमूटभर टाकत असेल तर डबीच्या मागचं वाचून घ्या, फार बारीक लिहितात, चष्मा लागेल.