सेकंडहँड पोर्शे ९११ जीटी३ ब्रेक मारताना मागून डुलते, मागचे टायर आतून खाल्लेत. डिफरन्शियल बदलावा लागेल का?

९९७ पिढीची जीटी३, दोनदा अलाइनमेंट झालंय, तरी ब्रेकवर मागची बाजू डुलते आणि अख्खा डिफरन्शियल (वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) बदलायचा तर खर्च किती, असं विचारलंयस. भावा, आधी तिसऱ्या अलाइनमेंटला पैसे देऊ नकोस.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवतो आणि हा विषय माझ्या डोक्यात बरीच वर्षं सलतोय. शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्या साहेबांनी अशीच गाडी वापरलेली घेतली. सुरुवातीला पार्किंगमधून वळवून काढताना मागनं कटकट आवाज यायचा, मग हळूहळू बंद झाला, साहेब खूश, गाडी शांत झाली म्हणाले. मला तिथंच शंका आली. या गाडीत क्लच प्लेटवाला एलएसडी असतो, म्हणजे दोन चाकांच्या वेगात फार फरक पडू न देणारा डिफरन्शियल; हळू वळताना प्लेटा एकमेकींवर सरकतात आणि थोडा आवाज करतातच, ऑइल न बदलता तो आवाज गेला म्हणजे बहुतेक प्लेटाच झिजल्या. पुढं आंबा घाट उतरताना ब्रेकवर गाडी मागून नाचायला लागली. मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरनं टायर बदलले, अलाइनमेंट केलं, सगळं मापात असल्याचा हिरव्या आकड्यांचा कागद हातात दिला, नाच तसाच. मी स्वतः फोन करून म्हटलं, डिफरन्शियलचा प्रीलोड, म्हणजे प्लेटा मुळात किती घट्ट दाबलेल्या आहेत ते मोजा. तिथला ॲडव्हायजर म्हणाला, एलएसडी गेला असता तर पिकअपला एक चाक फिरलं असतं, आणि वर, कोल्हापुरात असल्या गाड्या किती बघितल्यात तुम्ही?

अरे, पोर्शेनंच ९९७ जीटी३ला लॉक, म्हणजे दोन चाकं एकमेकांना बांधून ठेवायची पकड, ॲक्सिलरेटर दाबल्यावर २८ टक्के आणि पाय काढल्यावर ४० टक्के दिलाय. म्हणजे त्याचं मोठं काम ब्रेकिंगलाच आहे. इंजिन मागच्या चाकांच्याही मागं, ब्रेक मारला की वजन पुढं जातं, मागची बाजू हलकी होऊन फिरायला बघते, तेव्हा दोन्ही चाकांना एकत्र धरून ठेवतो तो हाच. म्हणून प्लेटा झिजल्या की आधी ब्रेकिंग बिघडतं. पिकअपला मागच्या चाकांवर एवढं वजन असतं की चाक सहजासहजी फिरतच नाही. ही गोष्ट त्या माणसाला माहीत असायला पाहिजे होती, रोज त्याच गाड्या हाताखालून जातात त्याच्या.

आणि मोजायला लागतंय काय? पुढच्या चाकांना अडकण लाव, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, मागचं एक चाक जमिनीवर, दुसरं वर, आणि टॉर्क रेंचनं सावकाश फिरवून एकसारखा लागणारा जोर वाच. पाच बोल्टच्या हबवर रेंच बसवायला ॲडाप्टर मी शेजारच्या लेथवर करून घेतला. साहेबांच्या गाडीचं चाक नुसत्या हातानं गरागरा फिरलं. गिअरबॉक्स उतरवून फक्त प्लेटांचा सेट बदलला, अख्खा डिफरन्शियल नाही, आणि त्याच घाटात गाडी सरळ थांबायला लागली. तेव्हा तुझं काम बहुतेक प्लेटांवर भागेल, खर्च मात्र प्लेटा कुठनं मागवतोस त्यावर आहे.

टायर आतून खाणं हा मात्र वेगळा रोग. नुसत्या निगेटिव्ह कॅम्बरनं (चाक वरून आत झुकलेलं असणं) टायर इतके लवकर जात नाहीत, टो (चाकाचं तोंड सरळ न राहता आत-बाहेर वळणं) बिघडला की जातात. टायरवर तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवून बघ, एका बाजूनं करवतीसारखं लागलं तर टोच. अलाइनमेंटच्या रॅकवर गाडी उभी असते, ब्रेकच्या जोरानं सस्पेन्शनच्या सांध्यातला ढिला बुश किती दबतोय ते रॅकला दिसत नाही, कागद हिरवाच येणार. आणि ब्रेकवर मागचा टो बाहेर गेला तरी गाडी अशीच डुलते, म्हणून टो लिंक आणि आर्मच्या बुशांना पहार लावून बघितल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नकोस. टायरवरचा डॉट (DOT) लिहिलेला चार आकडी नंबर पण वाच, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, कमी चाललेल्या गाडीत टायर दिसायला नवे आणि रबर कडक झालेलं असतं.

हे वाचून कुणी साध्या कॅरेराचं चाक वर करून बघेल तर ते सहज फिरेल, त्यात बहुतेक ओपन डिफरन्शियल असतो, घाबरू नका. पुढच्या झाकणाखालच्या स्टिकरवर ऑप्शन कोड २२० असेल तरच एलएसडी आहे असं धरा. पुढच्या पिढीच्या ९९१ जीटी३त पीडीके, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर लॉक इलेक्ट्रॉनिक आहे, तिथं ही टेस्ट चालत नाही.