संगणकशंका : कर्नल बदलावा की ड्रायव्हर शोधावा?

प्रश्न : तासगावात आमचे बेदाण्याचे अडत दुकान आहे. हिशेबासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१ ही संगणकप्रणाली बसवून दिली. परंतु वाय-फाय दिसतच नाही आणि दुकानातला जुना कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर शेतकऱ्यांची हिशेबपट्टी छापत नाही. सांगलीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने ‘कर्नल बदला, दोन्ही चालू होतील’ असे सांगितले. तसे केल्यास हंगामाचा हिशेब पुसला जाईल का? लॅपटॉपमधील उपकरणांची यादी सोबत पाठवत आहे.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : हिशेब पुसला जाणार नाही. कर्नल म्हणजे यंत्राची उपकरणे आणि आपले प्रोग्रॅम यांना जोडणारा प्रणालीचा गाभा, तर ड्रायव्हर म्हणजे एखादे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम. कर्नल ‘बूट’ नावाच्या फोल्डरात आणि त्याचे ड्रायव्हर ‘लिब’मधील ‘मॉड्यूल्स’ फोल्डरात आवृत्तीवार राहतात. तुमच्या फायली ‘होम’मध्ये असतात आणि कर्नल बदलताना त्यांना हात लागत नाही. तरीही पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवावी, कारण ती एरवीही असायलाच हवी. दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे मात्र अर्धेच बरोबर आहे.

आधी वाय-फायचे पाहू. विंडोजमध्ये उपकरणाचा ड्रायव्हर बहुधा उत्पादक कंपनी वेगळा देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच पोटात असतात, त्यामुळे एखादे उपकरण चालेल की नाही, हे पुष्कळदा कर्नल कोणत्या साली निघाला त्यावर ठरते. तुमच्या यादीत वाय-फायची चिप रिअलटेक आरटीएल ८८५२बीई अशी दिसते आणि तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नाही. म्हणजे चिप ओळखू आली, पण तिला चालवणारे कोणी नाही. मिंट २१ सोबत येणारा ५.१५ हा कर्नल ऑक्टोबर २०२१ मधला आहे, तर या चिपचा ड्रायव्हर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या आवृत्तीत दाखल झाला. लॅपटॉप बिघडलेला नाही आणि भाच्याचेही काही चुकलेले नाही. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांमध्ये कर्नलची मूळ आवृत्ती तीच ठेवून प्रामुख्याने सुरक्षेच्या आणि दोषांच्या दुरुस्त्या देतात, त्यामुळे नंतर बाजारात आलेले उपकरण अशा वेळी मागे राहते.

उपाय असा. मोबाईल यूएसबी केबलने जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे, म्हणजे वाय-फायशिवाय इंटरनेट मिळेल. मग ‘अपडेट मॅनेजर’ उघडून ‘व्ह्यू’ मेनूतील ‘लिनक्स कर्नल्स’मध्ये जावे आणि ६.८ या मालिकेतील कर्नल बसवून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. जुना ५.१५ लगेच काढू नये. नवा कर्नल त्याच्या शेजारी बसतो, त्याची जागा घेत नाही. नव्यावर पडदा काळा राहिला किंवा आवाज गेला, तर लॅपटॉप सुरू होताना ‘एस्केप’ किंवा ‘शिफ्ट’ दाबून ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना निवडता येतो. आठ-पंधरा दिवस सगळे सुरळीत चालल्यावर वाटल्यास जुना काढावा. इंटरनेटवर कोणी थेट लिनक्सच्या मूळ प्रकल्पाचा सर्वांत ताजा कर्नल उतरवून घ्यायला सांगितले, तर दुकानाच्या लॅपटॉपवर तो प्रयोग करू नये. त्यावर प्रणाली देणाऱ्या वितरकाची डिजिटल सही नसते आणि ‘सिक्युअर बूट’ (फक्त सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सुरक्षा सोय) चालू असेल तर यंत्र तो सुरूच होऊ देत नाही. मिंट २२ मुळातच ६.८ घेऊन येते, पण तेवढ्यासाठी सगळे नव्याने बसवण्याची गरज नाही.

आता प्रिंटर. तुम्ही पाठवलेल्या यूएसबीच्या यादीत कॅननचे नाव स्पष्ट दिसते, म्हणजे कर्नलचे काम तिथेच पुरे झाले. लिनक्समध्ये छपाईचा कारभार ‘कप्स’ ही कर्नलबाहेरची व्यवस्था पाहते. कर्नल फक्त तयार मजकूर केबलपलीकडे पोहोचवतो. एलबीपी २९०० ला पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी प्रचलित भाषा कळत नाही, त्याला कॅननच्या ‘कॅप्ट’ या खास पद्धतीनेच पान द्यावे लागते आणि ते काम करणारा कॅननचा लिनक्ससाठीचा कॅप्ट ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. हा ड्रायव्हर जुना आणि जरा हट्टी आहे : त्याची ‘सीसीपीडी’ ही सेवा आधी चालू नसेल, तर छपाई रांगेत जाते आणि कागद जागचा हलत नाही. ती सेवा यंत्राबरोबर आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था भाच्याकडून करून घ्यावी. कर्नल कितीही वेळा बदलला तरी या प्रिंटरला त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : माझे उलट झाले आहे. उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीचा कर्नल ५.१५ वरून ६.८ झाला आणि यूएसबी वाय-फाय डोंगल बंद पडला. त्यात आरटीएल ८८२१सीयू ही चिप आहे. त्याचा ड्रायव्हर मी इंटरनेटवरून घेऊन स्वतः बसवला होता.
— एक वाचक, कराड

उत्तर : बाहेरून बसवलेला ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी तयार केला त्याच कर्नलवर चालतो. ‘डीकेएमएस’ या ड्रायव्हर पुन्हा तयार करणाऱ्या साधनाची सोय असेल तर नव्या कर्नलबरोबर तो आपोआप पुन्हा तयार होतो, पण कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलत असल्याने ड्रायव्हरचा जुना कोड कधी कधी तिथेच अडतो. काम अडले असेल तर तूर्त ५.१५ निवडून लॅपटॉप सुरू करावा.

मात्र ५.१५ वर कायमचे राहण्याचे कारण नाही, कारण तुमच्या चिपचा ड्रायव्हर ६.२ पासून कर्नलमध्येच आहे. तेव्हा आधी स्वतः बसवलेला ड्रायव्हर काढून टाकावा आणि मग ६.८ वर यावे. डोंगल वाय-फायऐवजी सीडी म्हणून दिसला तर घाबरू नये. असे काही डोंगल आधी विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेली सीडी असल्याचे भासवतात आणि त्यांना मूळ रूपात आणण्यासाठी ‘यूएसबी मोडस्विच’ हे पॅकेज असावे लागते. त्यानंतरही वाय-फाय दिसले नाही, तर ड्रायव्हरच्या सेटिंग्ज ठेवणाऱ्या ‘मोडप्रोब’च्या फोल्डरात जुन्या ड्रायव्हरची ‘ब्लॅकलिस्ट’ (कर्नलमधला ड्रायव्हर लावू नये असे सांगणारी) फाईल मागे राहिली आहे का ते पाहावे. ती असेपर्यंत कर्नलमधला ड्रायव्हर आपोआप लागणार नाही.